६५-६६ ची मस्टँग: सी-४ ऑटोमॅटिक काढून टी-५ मॅन्युअल बसवावा का?

क्लचप्रेमी

गाडी १९६५ किंवा ६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंची व्ही-८, मागे तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक. माझं मत स्पष्ट आहे: गाडी चालवायला ठेवली असेल तर सी-४ उतरवा आणि फॉक्स-बॉडी (फोर्डच्या ‘फॉक्स’ सांगाड्यावरच्या) मस्टँगमधला (१९८५ ते ९३) पाच गिअरचा टी-५ लावा.

सी-४ चा सगळ्यात वरचा गिअर १:१. डिफ (मागच्या धुरीच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर) ३.०० चा आणि टायर २५ इंची धरलं, तर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांवर घोंघावत राहतं. टी-५ चा पाचवा ०.६८ चा आहे, म्हणजे फेरे त्याच पटीत उतरतात. शिवाय हे जोडकाम फोर्डने जणू आपल्यासाठीच सोपं करून ठेवलंय. दोन्ही बॉक्सचा मागचा शाफ्ट २८ स्प्लाइनचा (खाचांचा), त्यामुळे जुना योक (प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक) तसाच बसतो आणि प्रोपेलर शाफ्ट सहसा कापावा लागत नाही. तरी मोजा. योक पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच मागे घेतल्यावर डिफचा फ्लँज जुळला पाहिजे.

मूळचंच_बरं

असहमत. पाऊण इंजिनखोली उघडायची, टनेल (गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा) कापायचं, पेडलं बदलायची, आणि हाती काय? ज्या गाडीवर ऑटोमॅटिकची पाटी आहे तिच्यात मॅन्युअल. दारावरच्या डेटा प्लेटवर ट्रान्समिशनचा कोड ६ कोरलेला आहे. जाणकार गिऱ्हाईक पहिली तीच वाचतं. के-कोडची (सगळ्यात जोरदार २८९ वाली) ६६ ची ऑटोमॅटिक असेल तर तिला हात लावणं म्हणजे निव्वळ अविचार, कारण के-कोडला ऑटोमॅटिक मिळू लागलं तेच ६६ साली.

आणि तुमचा हिशेब अर्धवट आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना डिफ २.८० चा असतो. २.८० गुणिले ०.६८ म्हणजे १.९०. त्याच टायरवर ६५ मैलांना इंजिन १६५०-१७०० वर येतं. कार्ब्युरेटरवाल्या २८९ ला तिथे जीवच नसतो. जरासा चढ लागला की चौथ्यात यायचं. मग पाचवा गिअर घेतला कशाला? पुढे ३.५५ चा डिफ घाला, म्हणजे आणखी खर्च. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

फक्त हायवेवरचे फेरेच कमी करायचे असतील तर एओडी लावा. तोही फोर्डचाच, चार गिअरचा ऑटोमॅटिक, वरचा ०.६७. पेडलांना हातही लागत नाही.

क्लचप्रेमी

२.८० चा मुद्दा मान्य. डिफ बदलायचा नसेल तर टी-५ लावू नये, हे मीही म्हणेन. ३.५५ घातला की पाचव्यात २१०० फेरे पडतात, आणि तिथे २८९ अगदी खुशीत चालते. पण एओडीचं केसिंग सी-४ पेक्षा मोठं. क्रॉसमेंबर (बॉक्स पेलणारी आडवी पट्टी) आणि लिंकेज त्यालाही बदलावं लागतंच. आणि एओडीची थ्रॉटल केबल नीट लागली नाही तर आतलं प्रेशर कमी पडून क्लच जळतात. आगीतून फुफाट्यात.

कोड ६ चं म्हणाल तर तो के-कोड आणि फार कमी मैल चाललेल्या गाड्यांपुरता खरा. दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवाल्या सी-कोड कूपेला कोण विचारतो? सी-४, कन्व्हर्टर, फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागची चकती), पेडल, सगळं गुंडाळून ठेवा. बॉडीचं भोक सोडलं तर बाकी सगळं परत फिरवता येतं.

मोजपट्टी

वाद चालू द्या. पण या कामात गाड्या नक्की कुठे फसतात ते कोणीच लिहिलं नाही.

पहिली गोष्ट फ्लायव्हील. टी-५ ज्या ५.० लिटरच्या इंजिनाबरोबर येतो त्याचं फ्लायव्हील ५० औंसाच्या असंतुलनाचं (एका बाजूला मुद्दाम ठेवलेल्या जादा वजनाचं) असतं. २८९ ला २८ औंसाचं लागतं. दात दोन्हींना १५७, बोल्टही जुळतात, म्हणून लोक बिनधास्त लावतात. मग २५०० च्या पुढे गाडी थरथरते आणि दोष प्रोपेलर शाफ्टवर ढकलला जातो. तेव्हा २८ औंसाचं, १५७ दातांचं फ्लायव्हील घ्या. बोल्ट ७५ ते ८५ फूट-पौंडांनी कसा, आणि आट्यांना सीलंट लावा. ही भोकं क्रँकमधून आरपार आहेत. सीलंट विसरलात तर तेल झिरपून क्लचवर येतं आणि तुम्ही उगाच मागचं मेन सील बदलत बसता.

दुसरी, पायलट बेअरिंग, बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं. ऑटोमॅटिक इंजिनाच्या क्रँकमध्ये ते नसतंच. बसवायला विसरू नका.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: बेलहाउसिंगचं (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या कवचाचं) केंद्र. बेल ब्लॉकला घट्ट करा, फ्लायव्हीलवर डायल इंडिकेटर लावा, बेलच्या मागच्या गोल भोकात सुई टेकवून क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा. एकूण हालचाल १० थाऊच्या (०.०१० इंच) आत हवी, ५ च्या आत आली तर उत्तम. इंडिकेटरवर दिसते त्याच्या निम्मं सरकणं खरं असतं. म्हणजे सुई १४ थाऊ हलली तर ७ थाऊची ऑफसेट डॉवेल पिन (बेलला ब्लॉकवर जागेला धरणारी) लावायची. त्या ७, १४ आणि २१ थाऊमध्ये मिळतात. हे न करता बॉक्स चढवला की काही महिन्यांत पायलट खाऊन टाकतो, गिअर अडकतो आणि बिचाऱ्या टी-५ ला नावं ठेवली जातात.

चौथी, बॉक्स कुठल्या सालच्या गाडीतून काढला ते बघा. ९४-९५ च्या मस्टँगच्या टी-५ चा इनपुट शाफ्ट लांब आहे. फॉक्सच्या बेलमध्ये तो चालत नाही. ऑगस्ट १९६४ पूर्वीच्या इंजिनाला बेलचे पाच बोल्ट असतात, नंतर सहा. फॉक्सची बेल फक्त सहाबोल्टी ब्लॉकला बसते. सहा सिलिंडरच्या गाडीचा तर प्रश्नच वेगळा, तिथे यातली कुठलीच बेल लागत नाही.

आणि तेल. वर्ल्ड क्लास (सुधारित जातीच्या) टी-५ मध्ये डेक्सरॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) घालायचं, साधारण २.६ लिटर. ‘गिअरबॉक्स आहे म्हणजे जाड गिअर ऑइल’ असं म्हणून ९० नंबर ओतलं की थंडीत सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) नीट काम करत नाहीत.

मूळचंच_बरं

माहिती उत्तम, पण ही यादीच माझ्या बाजूने बोलते आहे! आता ताकदीचं बोला. ८५ ते ८९ चा टी-५ कंपनीनेच २६५ फूट-पौंडांचा म्हणून दिलेला. चार बॅरलच्या २८९ चा टॉर्क ३०५. कागदावरच कमी पडतो. त्यापेक्षा करायचंच असेल तर त्या काळातला फोर्डचा टॉप लोडर, चार गिअरचा मॅन्युअल, लावा. निदान गाडी त्या काळातली तरी दिसेल.

मोजपट्टी

३०५ हा त्या काळचा ‘ग्रॉस’ आकडा, एअर क्लीनर आणि सायलेन्सरशिवाय बाकावर मोजलेला. गाडीत बसवलेल्या इंजिनाचा त्याहून बराच कमी भरतो. शिवाय १४ इंची बारीक टायर आधी घसरतात, बॉक्सवर पूर्ण भार येतच नाही. चिकट टायर लावून ड्रॅगला जाणाऱ्यांचा टी-५ बहुधा तिसऱ्यात दात सोडतो. त्यांच्यासाठी ३३० फूट-पौंडांचा झेड-स्पेक (टी-५ चाच दणकट प्रकार) आहे. त्यात पहिला गिअर ३.३५ ऐवजी २.९५ आणि पाचवा ०.६३. टॉप लोडर दणकट, यात वाद नाही, पण तोही वर १:१ च. फेऱ्यांचं दुखणं तसंच राहतं.

तारजोड

मी सी-४ च्या बाजूचा, पण कोणी करतच असेल तर दोन बारकावे सांगतो.

एक: सी-४ च्या मॉड्युलेटरला (व्हॅक्यूमवर गिअरबदल सांभाळणाऱ्या भागाला) इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूमची नळी जाते. बॉक्स निघाला की ते टोक बंद करा. नाहीतर इंजिन हवा ओढत राहतं आणि आयडलिंग बिघडलं म्हणून लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात. रेडिएटरच्या खालच्या टाकीतले तेलाच्या कूलरचे दोन्ही तोंडंही बुचं मारून बंद करा.

दुसरं: स्टार्टरची वायर सी-४ च्या न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून जाते. तो निघाला की किल्ली फिरवून काहीच होत नाही. मग लोक दोन्ही लाल-निळ्या तारा जोडून मोकळे होतात. गाडी सुरू होते, पण गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली तर पुढच्या भिंतीवर जाऊन आदळते. क्लच पेडलवर स्विच लावा आणि त्या तारा त्यातून न्या. रिव्हर्सच्या दिव्याच्या ताराही त्याच जुन्या स्विचवर होत्या, त्या टी-५ च्या स्विचला न्या.

क्लचप्रेमी

यात एक भर. पेडलांसाठी मॅन्युअल गाडीचा पूर्ण सपोर्ट घ्या, बेअरिंगवाला मिळाला तर बरं, प्लास्टिकच्या बुशा झिजून पेडल डुलतं. क्लच ओढायला तीन वाटा: मूळची झेड-बार (दांड्यांची जोडणी), केबल किंवा हायड्रॉलिक. झेड-बार साधी, पण हेडर (एक्झॉस्टचे मोठे नळे) लावले असतील तर आडवी येते. केबल आणि हायड्रॉलिक दोन्हींत फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) वाकते. आतून पत्र्याची पट्टी लावून तिला जोर द्या, नाहीतर पेडल दाबल्यावर अर्धी चाल फायरवॉलच खाऊन टाकते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. टनेल कापण्याआधी बॉक्स क्रॉसमेंबरवर बसवून वरून खूण करा. कन्व्हर्टिबलचा क्रॉसमेंबर वेगळा येतो, कूपेचा मागवू नका.

मूळचंच_बरं

फायरवॉलला पट्टी, टनेलला भोक, आणि वर म्हणता ‘सगळं परत फिरवता येतं’. कोड ६ ची गाडी विकत घेण्यापेक्षा कोड ५ ची, म्हणजे कारखान्यातूनच चार गिअरची निघालेली, शोधा. ती महाग मिळते, कबूल. पण हे सगळं बिल बेरीज करून मग फरक किती उरतो ते एकदा मांडा बघू.