विषय: रोजच्या वापरासाठी छोटा कॅमेरा, फोटो + व्हिडिओ

नमस्कार मंडळी,

एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, खिशात किंवा पर्समध्ये मावेल असा. मुलांचे फोटो, फिरायला गेलो की तिथले, आणि पोरांचा स्टेजवर काही कार्यक्रम असला की त्याचा व्हिडिओ, एवढंच. फोन आहे हो, पण संध्याकाळी घरात पळणारी पोरं त्यात नुसती पुसट येतात आणि लांबून झूम केलं की चेहऱ्याचा पार लगदा होतो. लेन्स बदलायच्या भानगडीत पडायचं नाहीये. एका कॅमेऱ्यावर ३० एक्स झूम लिहिलंय आणि तो स्वस्त, दुसऱ्यावर जेमतेम ३ एक्स आणि तो महाग! हे काय गौडबंगाल आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

ताई, सगळा प्रश्न प्रकाशाचाच आहे :)

३० एक्सवाल्यात बहुतेक १/२.३ इंची सेन्सर (उजेड टिपून फोटो बनवणारी चिप) असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. महागवाल्यात 'एक इंची', तो १३.२ बाय ८.८ (कुठूनही मोजा, इंच काही भरत नाही, पण क्षेत्रफळ चौपट आहे हे खरं). मेगापिक्सेल दोन्हीकडे वीसच्या आसपास, त्यामुळे तो आकडा बघूच नका.

त्यापेक्षा लेन्सभोवतीच्या कडेवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. '१:१.८-२.८' असं काहीतरी असेल. पहिला आकडा झूम न करता, दुसरा झूम पूर्ण ओढल्यावर, आणि आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. ३० एक्सवाल्यावर दुसरा आकडा ६.४ वगैरे सापडेल, म्हणजे २.८ च्या मानाने उजेड जेमतेम पाचवा हिस्सा, आणि तोही त्या चिमुकल्या सेन्सरवर. मग कॅमेरा बिचारा एकतर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढवतो आणि फोटोत दाणे येतात, नाहीतर शटर हळू करतो आणि पोरगं पुसट. दुकानदार म्हणेल स्टॅबिलायझेशन आहे ना, काळजी कशाला. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पळणाऱ्या पोराला उभं करत नाही!

बाकी रिको जीआर ३ चं कौतुक कानावर येईल, फोटो काढतो झकास, पण झूम नाही, फ्लॅश नाही, फोर-के (फुल एचडीहून बारीक तपशिलाचा व्हिडिओ) नाही. तुमच्या कामाचा नाही.

---

मधेच बोलतो, माफ करा. वरचं सगळं बरोबर आहे पण ताईंनी स्टेज म्हटलंय. ३ एक्सवाला म्हणजे २४-७० मिमी (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), मागच्या रांगेतून त्यात अख्खं स्टेज येईल आणि आपलं लेकरू मुंगीएवढं. तिथे निदान २०० मिमी पाहिजे. स्टेजवर लाइट चांगले असतात त्यामुळे लेन्स थोडी अंधारी असली तरी चालून जातं, घरात नाही चालत.

सोनीने २०१२ मध्ये आरएक्स १०० काढला, त्याचंच सातवं मॉडेल (२०१९) २४-२०० मिमी आहे, आकडा २.८-४.५, एक इंची सेन्सर, बाहेरचा माइक लावायला जागा. कॅननचा जी७एक्स मार्क ३ सुद्धा २०१९ चाच, २४-१०० मिमी पण १.८-२.८, माइकची जागा त्यालाही आहे. फोटोला मस्त, मात्र त्याचा ऑटोफोकस जुन्या पद्धतीचा, व्हिडिओत कोणी पुढेमागे सरकलं की मागेपुढे चाचपडत बसतो, आणि फोर-के सलग दहा मिनिटांच्या वर घेत नाही.

तसं फोर-केच्या मागे लागूच नये असं माझं मत. १०० मेगाबिटने घेतलं तर तासाला ४५ जीबी, शिवाय एवढेसे कॅमेरे सलग चालवले की तापतात आणि नाचाच्या ऐन मध्यावर बंद पडतात. स्टेजसाठी फुल एचडी भरपूर झालं. फोर-केत घेणारच असाल तर मेमरी कार्डावर व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं बघून घ्या, आणि सोनीत मेनूमध्ये 'ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर' हाय वर ठेवा. जास्तीची बॅटरी लागेलच, छोट्या कॅमेऱ्यांचं ते कायमचं दुखणं आहे.

---

दोघांचेही आभार! पण मग घरातले संध्याकाळचे फोटो? ४.५ म्हणजे पुन्हा अंधारच ना?

---

घरात झूम करायचंच नाही ताई, दोन पावलं पुढे जायचं. आरएक्स १०० चं ते सातवं मॉडेल २४ ला ठेवलात की २.८ मिळतो, शटर १/२५० सेकंदाला बांधून टाका आणि आयएसओ ऑटोवर सोडा. थोडे दाणे आले तर येऊ देत, पुसट फोटोपेक्षा बरे. आणि त्याला छोटा फ्लॅश आहे, अगदीच अंधार असला तर तो वापरा, पळणारं पोर जागच्या जागी थिजतं. सोनीचाच झेडव्ही-१ कोणी सुचवेल, त्याला फ्लॅशही नाही आणि डोळा लावून बघायची खिडकीही नाही, स्वतःकडे वळवून बोलणाऱ्यांसाठी आहे तो.

वापरलेला घेत असाल तर लेन्स दोन-चार वेळा आतबाहेर करून बघा, करकर आवाज आला तर तिथूनच नमस्कार. मग एफ ११ वर (लेन्सचा तोच उजेडाचा आकडा, ११ ला) ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी साफ करता येत नाही.