मदत हवी आहे: कुंडीतली पार्सली उगवेना (आणि रसाबद्दल एक शंका)

नमस्कार मंडळी,
पुण्यात राहते. बाल्कनी पूर्वेची, सकाळचं ऊन चांगलं येतं. दिवाळीनंतर सपाट पानांच्या पार्सलीचं बी पेरलं. शेजारच्या कुंडीत त्याच दिवशी टाकलेली कोथिंबीर बोटभर झाली, इकडे मात्र कोंब नाही. बी वाया गेलं समजायचं का? धने रगडून पेरतो तसं हेही रगडायचं असतं का? बाजारात मिळते ती बहुतेक कुरळ्या पानांची, सजावटीपुरती. ताबुलेला (लेबनॉनकडची पार्सलीची कोशिंबीर) वाटीवाटीने लागते म्हणून हा खटाटोप.

दुसरं, सासूबाईंना मुतखड्याचा त्रास आहे. कुणीतरी त्यांना पार्सलीची पानं वाटून रोज ग्लासभर रस घ्यायला सांगितलंय. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. "कोथिंबिरीची बहीणच ती, काय होणार आहे!" असं त्यांचं म्हणणं. द्यावा का?

कुंडीवाला:
कुंडी उलटू नका! पार्सलीला तीन-चार आठवडे सहज लागतात, कधी त्याहून जास्त. बी ओव्याएवढं, रगडायची गरज नाही. पुढच्या वेळी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती टाका. उगवेपर्यंत वरचा थर सुकू देऊ नका, ओलं गोणपाट झाकलंत तरी चालेल, फक्त कोंब दिसताच काढा. मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, म्हणून कुंडी खोल हवी आणि रोपं शक्यतो हलवू नयेत. काढताना बाहेरच्या काड्या बुडापासून कापा, मधला कोंब राखा. एप्रिल-मेच्या उन्हात सावलीत सरकवा, नाहीतर दांडा फुटून फुलावर येते आणि पानं कडू होतात.

ताई_फार्मसीवाल्या:
रस आत्ताच थांबवा. शंभर ग्रॅम पार्सलीत दीड हजार मायक्रोग्रॅमहून जास्त व्हिटॅमिन के असतं, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. गोळी वॉरफरिन किंवा त्याच जातीची असेल, तर त्या रसाने तिचा परिणाम कमी होतो, आणि कृत्रिम झडप असलेल्यांना गुठळीचा धोका असतो. थोडा रस पोटात गेला असेल तर आजच डॉक्टरांना कळवा, ते आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) तपासतील. लघवी साफ होते म्हणून हा उपाय सुचवतात, पण पार्सलीत ऑक्झलेटही असतं आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच! भाजीवर चिमूटभर भुरभुरली तर काही नाही. गरोदर बायकांनी मात्र बियांच्या तेलापासून लांबच राहावं.

स्वैपाकघर_पुणे:
उगवली की वाळवू नका, चव जाते. चिरून ऑलिव्ह तेलात घाला, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. शिजवताना गॅस बंद केल्यावरच घालायची.

(मूळ प्रश्नकर्ती):
पाकीट पाहिलं, वॉरफरिनच आहे. रस अजून सुरू केला नव्हता, आता करणारही नाही. सासूबाई रुसल्यात, पण डॉक्टरांशी बोलायला तयार झाल्या. कुंडीवाले, कोथिंबिरीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसतोय. पार्सली उगवलीच तर तिच्यावर येईल ना? पानं कच्ची खायची आहेत, मग नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने भागेल का?