मातीच्या मगांवरचं ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) आकसून गोळा होतंय, मधे माती उघडी पडतेय. चूक कुठे?

ओलीमाती:
आठ महिने झाले चाकावर बसतेय. आकार आता बरे जमतात, पण ग्लेझने रडवलंय. परवा भट्टी उघडली तर बारा मगांपैकी सात वाया. ग्लेझ जागोजागी मागे सरकलंय, कडेला जाडसर गोल काठ धरलाय आणि मधे बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेली माती, उघडंच. मेणकापडावर पाणी पडलं की कसे थेंब धरतात, अगदी तसं.

माती स्टोनवेअर, बिस्क १००० अंशांना, ग्लेझ फायरिंग कोन ६ (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, आकडा त्याचा क्रमांक). ग्लेझ पांढरं, मॅट. पावडर आणून मीच कालवलं. बुडवून लावते. पहिला थर पातळ वाटला म्हणून त्यातले काही मग दुसऱ्या दिवशी परत बुडवले. त्याआधी बिस्क झालेले मग तीन आठवडे फळीवर पडून होते. मला भट्टीच्या तापमानाचा संशय येतोय. पण मग पाच मग छान कसे निघाले?

गेरू:
कंट्रोलरच्या आकड्यावर जाऊ नका. शेल्फवर ५, ६, ७ असे तीन कोन शेजारी उभे करा. कोन नुसतं तापमान नाही, किती वेळ किती उष्णता खाल्ली ते सांगतो. ६ वाकला, ५ लोळला आणि ७ ताठ राहिला, तर भट्टी ठीक.

जुनीभट्टी:
कोन ठेवाच, पण माझ्या मते बिचाऱ्या भट्टीवर उगाच आळ येतोय. त्याच खेपेत त्याच ग्लेझचे पाच मग नीट निघालेत ना? मग जे झालं ते भट्टीत जायच्या आधी झालं.

माझा पहिला संशय त्या दुसऱ्या दिवशीच्या बुडवण्यावर. वाळलेल्या थरावर नवा थर आला की त्यातलं पाणी आत शिरतं, खालचा थर भिजून बिस्कपासून सुटतो. मग दोन्ही मिळून वाळताना आकसतात आणि बारीक भेगा पडतात. भट्टीत ग्लेझ वितळलं की भेगेच्या अलीकडचं अलीकडे आणि पलीकडचं पलीकडे गोळा होतं. चकचकीत, पातळ वितळणारं ग्लेझ अशी भेग बऱ्याचदा स्वतःच बुजवून टाकतं. मॅट पांढरं घट्ट वितळतं, शिवाय त्यात बहुधा चिनी माती जास्त असते, म्हणून वाळतानाही जास्त आकसतं.

आता एक करा. सातही मग खिडकीपाशी न्या आणि उघड्या जागा नेमक्या कुठे आहेत ते लिहा. फोटो नको, शब्दांत लिहा. लिहिताना माणूस नीट बघतो.

ओलीमाती:
बघितलं. चार मगांवर कानाच्या सांध्यात आणि आत तळाच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे ग्लेझ साचतं तिथे. हे चारही दोनदा बुडवलेले. उरलेले तीन मात्र एकदाच बुडवलेत. त्यांच्यावर बाहेरून, पोटावर, शेजारीशेजारी लांबट डाग. एका डागावर अंगठा ठेवून पाहिला. बरोब्बर बसला!

मातीने हात फुटतात म्हणून मी दिवसातून चारदा क्रीम लावते.

जुनीभट्टी:
म्हणजे चोर दोन निघाले! मीही सुरुवातीला हेच केलंय, फक्त माझं क्रीम नव्हतं, केसांचं तेल होतं.

बिस्कला तेलकट हात लागला असेल तर स्पंजने ते जात नाही. ते मग पुन्हा बिस्क फायर करा, तेल जळून जातं. धूळ मात्र ओलसर स्पंजने निघते. पुसल्यावर पूर्ण वाळू द्या, ओलं बिस्क ग्लेझ कमी ओढतं.

जाडीचं म्हणाल तर डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा. १०० मिली ग्लेझ १४० ते १५० ग्रॅम भरलं तर बुडवायला साधारण बरोबर, पुढे आपल्या ग्लेझप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. पातळ असेल तर बादली रात्रभर हलवू नका, वरचं नितळ पाणी काढून घ्या, मग ढवळून ८० मेशच्या चाळणीतून गाळा. एकदाच बुडवायचं, मनात तीन मोजायचे आणि बाहेर. वाळल्यावर भेगा दिसल्या तर सरळ धुऊन टाका. जीवावर येतं, पण भट्टीत त्या आपोआप मिटतील ही आशा सोडा.

रेसिपी स्वतःची असेल तर अर्धी चिनी माती भाजून वापरता येते. भाजल्यावर तिचं वजन साधारण १४ टक्के घटतं, म्हणून १०० ग्रॅमच्या जागी ८६ ग्रॅमच घाला. तयार पावडर असेल तर या भानगडीत पडू नका.

गेरू:
वाया गेलेले सात फेकू नका हं. मग थोडा गरम करून उघड्या जागेवर घट्टसर ग्लेझ ब्रशने थोपटा आणि परत कोन ६. माझे निम्मे सुधारतात.

जुनीभट्टी:
आणि निम्मे आणखी बिघडतात. पण ते तर वाया गेलेलेच आहेत, करून बघा.

ओलीमाती:
आज भट्टी उघडली. आधी ग्लेझचं वजन केलं होतं, १०० मिलीला फक्त १३१ ग्रॅम! म्हणून पहिला थर पातळ वाटत होता. पाणी काढून १४६ वर आणलं, मग धूळ पुसली, क्रीमची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवली. नवे सहा मग एकदाच बुडवले. पाच स्वच्छ. सहाव्याला कानाच्या आतल्या बाजूला मुंगीएवढा डाग राहिलाय. तिथे ना क्रीम, ना दुसरा थर.

जुनीभट्टी:
तिथे स्पंज पोहोचत नाही, धूळ राहिली असणार. जुना टूथब्रश ठेवा जवळ.