प्रतिजैविके पाण्यातून काढावीत की पाण्यात जाऊच देऊ नयेत?

मंजिराकाठ : हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामूहिक प्रक्रिया केंद्रात येत असे. स्वीडनच्या जोआकिम लार्सन यांच्या गटाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या त्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. ते पाणी ओढ्यांवाटे मंजिरा (मांजरा) नदीत जात होते, आणि मंजिरा पुढे नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. औषध कारखान्यांच्या सांडपाण्याविषयीच्या केंद्र सरकारच्या जानेवारी 2020 च्या मसुद्यात 121 प्रतिजैविकांसाठी मर्यादा होत्या, परंतु ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या वगळल्या गेल्या. या मर्यादा प्रत्येक कारखान्याच्या दाराशीच लागू कराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

बल्कड्रगवाला : मी या व्यवसायात आहे आणि असहमत आहे. मर्यादा लिटरमागे ठरवली की पाणी मिसळून आकडा गाठता येतो, त्यामुळे शिक्षा होते ती प्रामाणिक कारखान्यालाच. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीचा जवळजवळ निम्मा भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो, म्हणजे शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागणारच आहे. स्वित्झर्लंड 2016 पासून त्यासाठी ओझोन आणि सक्रिय कार्बन वापरत आहे. तोच मार्ग आपणही धरावा.

मंजिराकाठ : पाणी मिसळण्याचा मुद्दा रास्त आहे, म्हणून मर्यादा उत्पादनाच्या किलोमागे किती औषध बाहेर गेले यावर ठरवावी. पण शेवटच्या टोकाला ओझोन सोडला, तर त्याचा बराच भाग पाण्यातल्या इतर सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडतो. सिप्रोफ्लॉक्सासिन तर गाळालाही चिकटते, आणि तो गाळ शेतात गेला की औषधही त्याच्याबरोबर जाते. त्याहून गंभीर बाब अशी की, जिवाणूंकरवी पाणी शुद्ध करणाऱ्या जैविक टाकीत मैल्यातील जिवाणू आणि औषध एकत्र आले की जे जिवाणू तगतात ते प्रतिकाराची जनुके एकमेकांना देतात. कारखान्यात मात्र द्रावण कमी असते आणि त्यात काय आहे हे ठाऊक असते. पेनिसिलिनचे बीटा-लॅक्टम वलय, म्हणजे त्याच्या रेणूतला परिणाम करणारा भाग, अल्कलीने तिथेच फोडता येते. सिप्रोफ्लॉक्सासिन तसे फुटत नाही, त्याचे घट्ट द्रावण जाळावे लागते.

प्रयोगशाळेतून : दोघांनीही मोजमापाचा विचार केलेला दिसत नाही. नेहमीच्या तपासणीत सीओडी, म्हणजे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय घाणीसाठी लागणारा ऑक्सिजन, पाहिला जातो आणि त्याची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. पटानचेरूइतके सिप्रोफ्लॉक्सासिन असलेले पाणीही त्या चाचणीत बिनदिक्कत उत्तीर्ण होऊ शकते. प्रतिजैविक ओळखायला एलसी-एमएस हे पाण्यातली रसायने वेगळी करून मोजणारे यंत्र आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसे लागतात. ती सोय नसेल तर कारखान्याच्या दाराशी असो वा शहराच्या टोकाला, कोणतीही मर्यादा कागदावरच राहील.

बल्कड्रगवाला : किलोमागे मर्यादा मला मान्य आहे, पण द्रावण जाळण्याचा खर्च लहान कारखान्याने एकट्याने का सोसावा? औषधखरेदीची सरकारी निविदा सर्वांत कमी दराला मिळते. त्या दरात सांडपाण्याचा खर्च धरलेलाच नसतो. युरोपीय संघाने 2024 मध्ये सांडपाण्याच्या वाढीव प्रक्रियेचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे निविदेतच हा खर्च धरण्याची अट घाला. मग मी विरोध करणार नाही.

मंजिराकाठ : निविदेची अट अवश्य असावी. मात्र ती येईपर्यंत दाराशी मोजणी थांबवायला माझी तयारी नाही.