५२ वर्षांची सोबत: अँजेला बर्डेट-कूट्स आणि हॅना ब्राउन (अनुभव धागा)

हायगेट, लंडन (धाग्याची सुरुवात)

आमच्याकडे लंडनला येणाऱ्या मराठी पाहुण्यांपैकी निम्मे तरी कार्ल मार्क्सचे थडगे पाहायचे म्हणून हायगेटची दफनभूमी गाठतात. स्वेन्स लेनचा चढ लागण्यापूर्वी कोपऱ्यावर एक गॉथिक कमान आहे, आणि गेली अनेक वर्षे मी प्रत्येक पाहुण्याला तेथे दोन मिनिटे थांबवते. कमानीवर ‘होली व्हिलेज, ए. जी. बी. कूट्स यांनी बांधले, इ.स. १८६५’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. आत खासगी घरे असल्यामुळे रस्त्यावरूनच पाहावे लागते, पण कमानीवरचे दोन स्त्रियांचे दगडी पुतळे रस्त्यावरूनही नीट दिसतात. त्यांतला एक अँजेला बर्डेट-कूट्स यांचा आणि दुसरा त्यांच्या सोबतीण हॅना ब्राउन यांचा, असे येथे सांगतात.

अँजेला यांचा जन्म २१ एप्रिल १८१४ चा. वडील सर फ्रान्सिस बर्डेट हे जहाल मतांचे खासदार होते, तर आईचे वडील टॉमस कूट्स हे प्रसिद्ध पेढीवाले. टॉमस यांची दुसरी पत्नी हॅरियट ही पूर्वाश्रमीची नटी; तिने १८३७ मध्ये आपली सुमारे १८ लाख पौंडांची संपत्ती नातवंडांपैकी एकट्या अँजेलाच्या नावे केली. वयाच्या २३ व्या वर्षी ही मुलगी इंग्लंडमधली सर्वांत श्रीमंत वारसदार ठरली आणि स्ट्रॅटन स्ट्रीटवरच्या तिच्या घरी लग्नासाठी मागणी घालणाऱ्यांची रीघ लागली. त्या घरातल्या मेजवान्यांना, परदेशच्या प्रवासांना आणि दानधर्माच्या कामांना सतत हजर असलेली एकच व्यक्ती म्हणजे हॅना. ती आधी अँजेलाची शिक्षिका होती, मग सोबतीण झाली. १८४४ मध्ये तिने डॉक्टर विल्यम ब्राउन यांच्याशी लग्न केले तरी ती अँजेलापासून दुरावली नाही, आणि १८५५ मध्ये डॉक्टर वारल्यानंतर तर दोघी एकमेकींच्याच झाल्या.

अँजेलाच्या खुणा लंडनभर आहेत. हॅनाच्या मात्र शोधाव्या लागतात. आपल्यापैकी कोणाला या दोघी कुठे भेटल्या असतील, एखाद्या इमारतीत, पत्रात किंवा स्वतःच्या घरातल्या आठवणीत, तर येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

बेथनल ग्रीन, पूर्व लंडन

कोलंबिया रोडचा रविवारचा फुलबाजार पुष्कळांना ठाऊक असतो. आम्ही त्याच्या मागच्या गल्लीत सहा वर्षे राहिलो. या रस्त्याचे नाव कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियावरून आले आहे, कारण तेथील बिशपपदासाठी अँजेला यांनी मोठी देणगी दिली होती. येथे पूर्वी कचऱ्याचा प्रचंड उकिरडा होता. तो हटवून त्यांनी आधी कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि १८६९ मध्ये गरिबांना ताजे अन्न रास्त भावात मिळावे म्हणून एखाद्या कॅथीड्रलसारखा दिसणारा बाजार उभारला. तो चालला नाही. फेरीवाल्यांना रस्त्यावरची मोकळीकच बरी वाटे, आणि घाऊक मासळीवाल्यांनीही विरोध केला. पुढे ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री त्याच्या तळघरातल्या निवाऱ्यावर बॉम्ब पडून अनेक माणसे गेली. इमारत नंतर पाडण्यात आली. आज जुने लोखंडी कठडे तेवढे उरले आहेत, आणि त्यांच्या आत बालवाडी भरते. आमची धाकटी त्या कठड्यांच्या सळ्यांवरून बोट ओढत शाळेत जात असे.

एवढा पैसा ओतून केलेले काम फसले, म्हणून मी पूर्वी या बाईंना भाबड्या समजत असे. आता तसे वाटत नाही. ज्या काळात श्रीमंत स्त्रिया गरिबांच्या वस्तीतून बंद बग्गीने जात, त्या काळात त्यांनी उकिरड्याची जागा निवडून तेथे आपल्या नावाने नव्हे, तर आपल्या पैशाने काही उभे केले.

मेकपीस अव्हेन्यू, हायगेट (आता मुक्काम ठाणे)

धाग्याची सुरुवात करणाऱ्या ताईंच्या शेजारीच मी पूर्वी राहत होते. अँजेला यांचा होली लॉज नावाचा बंगला ज्या टेकडीवर होता, तो १९२० च्या दशकात पाडला गेला आणि बागेच्या जागेवर वसाहत झाली. तिथल्या काही इमारती मुद्दाम एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रियांसाठी बांधल्या होत्या. लहान लहान खोल्या आणि मजल्यावर सामाईक न्हाणीघर, अशी त्यांची मूळ रचना होती.

शिक्षणासाठी आले तेव्हा मला अशाच एका इमारतीत खोली मिळाली होती. बाजूच्या खोलीत एक निवृत्त टंकलेखिका चार दशके राहत होती आणि तिच्या समोरच्या खोलीत तिची मैत्रीण. दोघींच्या दारांमध्ये चार पावलांचे अंतर असेल. रोज संध्याकाळी सहाला एक दार उघडे, मग दुसरे उघडे, आणि किटलीची शिट्टी ऐकू येई. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा त्या दोघींनी आळीपाळीने सूप आणून दिले. त्यांनीच मला या टेकडीच्या जुन्या मालकिणीची आणि तिच्या सोबतिणीची हकिकत सांगितली. सांगताना दोघींनीही ‘हॅना’ हे नाव आधी घेतले आणि ‘बॅरोनेस’ हा अँजेला यांच्या सरदारकीचा शब्द नंतर, हे मला आजही आठवते.

नगर जिल्हा

मी बावीस वर्षे निराधार स्त्रियांच्या एका आधारगृहात अधीक्षिका होते. त्यामुळे या दोघींपैकी मला जवळचे काही असेल तर ते म्हणजे शेफर्ड्स बुशमधले ‘युरेनिया कॉटेज’. तुरुंगातून सुटलेल्या, रस्त्यावर आलेल्या मुलींसाठी अँजेला यांनी १८४७ मध्ये हे घर सुरू केले आणि त्याचा बारीकसारीक कारभार कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी पाहिला. मुलींनी तेथे स्वयंपाक, शिवण, वाचन शिकावे, प्रत्येकीला बागेचा छोटा तुकडा मिळावा आणि शेवटी त्यांनी ब्रिटनच्या परदेशी वसाहतींमध्ये जाऊन नवा संसार मांडावा, अशी योजना होती.

डिकन्स आणि अँजेला यांचा एक मतभेद मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलींच्या कपड्यांसाठी कापडाचा नमुना आला, तेव्हा डिकन्स यांनी तो परत पाठवला. कापड उत्तम आहे, पण रंग मेलेला आहे, आणि या मुलींना रंगाचीच भूक असते, असे त्यांनी १८५६ मध्ये कळवले. आमच्याकडे एकदा एका देणगीदाराने राखाडी कापडाची अख्खी ठाणे पाठवली होती. मी ती मुकाट्याने शिवायला दिली. पंधरा दिवसांनी पाहते तो एका मुलीने पोलक्याच्या बाहीला आतल्या बाजूने, कोणाला दिसणार नाही अशी, लाल काठाची पट्टी लावली होती. पुढच्या वेळेपासून कापड निवडायला मी मुलींनाच दुकानात नेऊ लागले.

हॅनाबद्दल सांगायचे तर डिकन्स यांनी अँजेला यांना लिहिलेली पत्रे वाचताना ती मला जागोजागी भेटली. आधी ‘मिस मेरेडिथ’ आणि लग्नानंतर ‘मिसेस ब्राउन’. पत्र संपता संपता तिला हमखास नमस्कार असतो. दोघींपैकी एकीला लिहिले की दुसरीला विचारल्यावाचून राहता येत नसे, हे त्या नमस्कारांवरून कळते.

पुणे

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो. हॅरियटच्या मृत्युपत्रात अशी अट होती की वारसदार मुलीने परकीय नागरिकाशी लग्न केल्यास उत्पन्नावरचा हक्क जाईल. पेढीच्या नफ्यात मोठा वाटा होता, पण कारभारात ढवळाढवळ करण्याची तिला मुभा नव्हती. अशा बंधनात राहूनही ज्या स्त्रीने १८७१ मध्ये स्वतःच्या कामाच्या बळावर सरदारकी मिळवली आणि १८७२ मध्ये लंडन शहराचे मानाचे नागरिकत्व मिळवणारी पहिली स्त्री ठरली, तिच्याविषयी मला अपार आदर आहे.

१८४७ मध्ये तिने स्वतःच ७७ वर्षांच्या सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्यापुढे लग्नाचा प्रस्ताव ठेवला होता. आपण तुमच्या आजोबांच्या वयाचे आहोत, असे सांगून ड्यूकनी तो नाकारला, पण स्नेह टिकला. १८७८ च्या अखेरीस हॅना गेली. त्यानंतर फेब्रुवारी १८८१ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, अँजेला यांनी अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या २९ वर्षांच्या सचिवाशी, विल्यम ॲशमीड बार्टलेट यांच्याशी लग्न केले. राणी व्हिक्टोरियाने याला वेडेपणा म्हटले, मृत्युपत्राची अट लागू झाली आणि उत्पन्नाचा मोठा भाग बहिणीकडे गेला. त्या काळच्या लोकांनी या लग्नाची पुष्कळ चेष्टा केली. मला मात्र त्या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय हे लग्न समजत नाही. माझी पत्नी गेल्यानंतरचे पहिले वर्ष मी भरल्या घरातही जेवणाच्या टेबलाच्या एकाच टोकाला बसून काढले आहे. ज्या घरात पाच दशके समोरची खुर्ची कधी रिकामी नव्हती, तेथे राहणे काय असेल, याची मला थोडी कल्पना आहे.

कोल्हापूर

पुण्याच्या काकांचे लिहिणे वाचून लिहावेसे वाटले. हॅनाच्या निधनानंतर अँजेला यांनी तिचा उल्लेख आपली लाडकी, ५२ वर्षांची सोबतीण आणि आयुष्यातला सूर्यप्रकाश असा केला होता. हे शब्द मी प्रथम वाचले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याचे कारण येथे सांगते.

माझी मावशी मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्याबरोबर त्याच शाळेतल्या चित्रकलेच्या बाई ३४ वर्षे राहिल्या. आम्ही भाचरे त्यांना ‘बाई’ म्हणायचो आणि दिवाळीत दोघींच्या हातून ओवाळणी घ्यायचो. मावशी गेली तेव्हा वर्तमानपत्रात द्यायची बातमी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी पठडीप्रमाणे लिहिले: ‘त्यांच्या पश्चात दोन भाऊ, भाचे, पुतण्या असा परिवार आहे.’ बाईंचे नाव लिहिण्याचे मला सुचलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ती बातमी वाचली, पेपरची नीट चौपदरी घडी घातली आणि मला विचारले, ‘चहा टाकू का गं तुला?’

त्या दोघींचे नाते काय होते, अँजेला आणि हॅनाचे काय होते, यावर काहीजण आजचे शब्द लावतात. मी तो आग्रह धरणार नाही. पण ‘मदतनीस’ किंवा ‘नोकर’ हे शब्द मात्र मी हॅनासाठी वापरू देणार नाही.

एडिनबरा

ग्रेफ्रायर्स बॉबी या इमानी कुत्र्याचा पुतळा आणि त्याखालचे पाणपोईचे कुंड हे १८७३ मधले, अँजेला यांच्याच पैशातून झालेले आहे. येणारे पर्यटक नाक चोळतात, त्यामुळे ते पिवळे लखलखीत झाले आहे. कृपया चोळू नये. मी रोज तेथून ऑफिसला जाते.

वेस्टमिन्स्टर, लंडन

अँजेला ३० डिसेंबर १९०६ रोजी वारल्या. स्ट्रॅटन स्ट्रीटच्या घरी हजारो लोकांनी, त्यांत पूर्व लंडनमधल्या गोरगरिबांनीही, त्यांचे अंत्यदर्शन घेतले आणि ५ जानेवारीला त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरले. मी ॲबीच्या पश्चिम दारापाशी तो दगड शोधून काढला. पण हॅना तेथे नाही. ती पतीसह रोचेस्टर रो वरच्या सेंट स्टीफन्स चर्चमध्ये आहे, जे चर्च अँजेला यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. पायी पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे, आणि मी ते एका पावसाळी दुपारी चालून पार केले.

जुन्या वर्णनांत नोंद आहे की या चर्चला ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या तंबूतून मिळालेले पडदे दिले होते. तो भाग वाचूनच मी मुळात गेलो होतो. आत शिरल्यावर मात्र पडद्यांचे डोक्यातून गेले आणि मी मागच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

कोल्हापूरच्या ताईंना एक विचारायचे आहे. बाई आता कुठे असतात?

कोल्हापूर

माझ्याकडेच असतात. काल रात्री मी त्यांना हा धागा सुरुवातीपासून वाचून दाखवला. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले की हॅना गेल्यावर दुसरी किती वर्षे जगली. २८, असे मी सांगितले.