मदत हवी आहे : देवगड ते मालवण शिडाच्या होडीने, वाटेत आचऱ्याच्या खाडीत मुक्काम करावा का?

नमस्कार. आम्ही चार मित्र, सगळे पन्नाशीच्या आसपासचे, गेली तीन वर्षे कोकणचा किनारा शिडाच्या लहान होडीने टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे उतरत आहोत. होडी १८ फुटांची, फायबरची आणि उघडी आहे. एक शीड, वर उचलता येणारी मधली फळी आणि ८ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन एवढाच तिचा संसार. फळी वर घेतली की तिला फूट-दीड फूट पाणी पुरते. गेल्या जानेवारीत रत्नागिरीहून निघून पूर्णगड आणि विजयदुर्ग करत आम्ही देवगडला पोहोचलो. येत्या पौषात पुढचा, मालवणपर्यंतचा टप्पा करायचा आहे, आणि त्याविषयीच या पाण्यातल्या माहीतगारांचा सल्ला हवा आहे.

अक्षांशांवरून मोजले तर देवगड ते मालवण हे अंतर सुमारे २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर भरते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून येणारी मतलई साधारण दहापर्यंत साथ देते, मग तास-दोन तास वारा पडतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, हा अनुभव आम्ही घेतलेला आहे. मतलईत आमची होडी ताशी तीन मैल चालते आणि खाऱ्या वाऱ्यात चार-साडेचार. हिशेबाने सगळे अंतर एका दिवसात बसते. पण वायव्येचा वारा उशिरा आला, तर मालवणच्या खडकाळ पाण्यात तिन्हीसांजेला शिरण्याची वेळ येईल, आणि ते आम्हांला नको आहे. म्हणून देवगडपासून ११ मैलांवर, कुणकेश्वर आणि मुणगे मागे टाकल्यावर, आचऱ्याच्या खाडीत रात्र काढावी असा विचार आहे.

खाडीच्या मुखाची धास्ती घेण्याचे कारण पूर्णगडला घडले. मुचकुंदी नदीच्या मुखाशी आम्ही ओहोटी अर्धी झालेली असताना शिरलो. ही चूक सर्वस्वी माझी, कारण वेळापत्रक वाचताना मी आदल्या दिवसाची ओळ वाचली होती. बाहेर पडणारे पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर आल्या की लाट उभी राहते आणि फुटते, हे पुस्तकात वाचलेले होते. तिथे ते मागून अंगावर आले. फळी वाळूत रुतली, होडी आडवी फिरली आणि दुसऱ्या लाटेने चुलीचा डबा, पोहे आणि दोघांची अंथरुणे भिजवून टाकली. आम्ही मांडीभर पाण्यात उतरून, होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटांकडे करून, पाणी वाढेपर्यंत तिला धरून उभे राहिलो. कुणाला इजा झाली नाही, पण परत तसे उभे राहण्याची हौस नाही.

आता मूळ अडचण. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा धरून आम्ही शुद्ध चतुर्थी निवडली. त्या दिवशी भरती दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे निवांत निघूनही आचऱ्यात भरल्या पाण्यावर शिरता येईल. परंतु दुसऱ्या दिवशी पंचमीला भरती पहाटे पावणेचारला आणि ओहोटी दहाच्या सुमारास येते. मग मतलई साधायची तर अंधारात मुख ओलांडावे लागेल, नाहीतर दुपारच्या भरतीची वाट पाहावी लागेल. अष्टमी धरली तर भांगाचे पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा आणि प्रवाहाची ओढ कमी. पण भरती सहाला, म्हणजे सूर्य बुडताना, आणि पाण्याची चढही कमी. या पेचातून वाट कशी काढावी? आणि मालवणच्या बाहेर स्थानिक तांडेल, म्हणजे तिथली वाट जाणणारा होडीचा नाखवा, सोबत घेणे शहाणपणाचे ठरेल का?

जीवरक्षक जाकिटे, सोळा क्रमांकाच्या वाहिनीसह व्हीएचएफ रेडिओ संच आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक, एवढी तयारी आहे. बंदर खाते आणि सागरी पोलीस यांना आधी कळवणार आहोतच.

प्रतिसाद :
आपला पेच तिथीने निर्माण केला आहे आणि तिथीच तो सोडवील. चतुर्थी सोडून शुद्ध त्रयोदशी धरा. त्या दिवशी भरती पावणेदहाच्या सुमारास. पहाटे साडेपाचला देवगड सोडलेत तर मतलईवर ११ मैल होऊन सव्वानऊपर्यंत आचऱ्यापुढे याल आणि चढत्या पाण्यावर आत शिराल. चतुर्दशीला भरती साडेदहाला; पावणेदहाला, पाणी अजून चढत असतानाच, बाहेर पडा. उधाण जवळ असल्याने मधल्या वेळी ओढ जोरदार असते, म्हणून या वेळा चुकवू नका. ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, तेव्हा छापील वेळापत्रकाशी ताडून पाहा, आणि या वेळी ओळ नीट वाचा. खाडीच्या मुखावरचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. आदल्या दिवशी आचऱ्याच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय शिरू नये. जाळ्यांची बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, अंधारात दिसत नाहीत, म्हणून उजाडेपर्यंत किनाऱ्यापासून जरा बाहेरून चला आणि इंजिन वर उचलून ठेवा.

मालवणला चतुर्दशीच्या दुपारी पाणी उतरत असेल. खडक उघडे पडू लागतात आणि ऊन पाठीशी असते, हे डोळ्यांना सोयीचे. पण वाट ठाऊक असेल तरच. तांडेल घ्याच, आणि तो मालवणला नव्हे, आचऱ्यालाच होडीत बसवा.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. मी भरतीच्या वेळेचा विचार केवळ शिरण्यापुरता केला होता, निघण्याचा केला नव्हता. त्रयोदशी पक्की करतो. चौघांत पाचवा माणूस बसवायचा म्हणजे सामान कमी करावे लागेल. मोठी चूल देवगडलाच ठेवू. आचऱ्याच्या बाजूचा कुणी तांडेल यायला तयार असल्यास कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.