(पाच जणांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.) थीम पार्कातल्या राइडचं २० मीटर उंच शेड लपवायचं की उघडं ठेवायचं? खान्देशच्या मातीत आणि उन्हात काय टिकेल?

गिरणाकाठ

जळगाव-भुसावळ दरम्यान महामार्गालगत ४० एकरांवर थीम पार्क करायचं ठरलं, असं धरून चालू. एक फ्लाइंग थिएटर (अर्धगोल पडद्यासमोर खुर्च्या हवेत उचलतात ते), दोन डार्क राइड (अंधाऱ्या शेडात गाडीतून देखावे दाखवत नेतात त्या), एक बर्फघर. चौघांनाही लागतं ते बिनखिडक्यांचं भलंमोठं पत्र्याचं शेड. त्यातलं थिएटरचं शेड ६० बाय ५० मीटर आणि उंची २० मीटर धरू. म्हणजे सहा-सात मजली इमारतच.

माझं मत असं की आतल्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला हे शेड दिसताच कामा नये. घरच्या पाच जणांची तिकिटं काढून माणूस येतो तो दुसऱ्या जगात जायला. जंगलातलं गाव उभारलं आणि त्याच्या छपरांवरून एमआयडीसीतल्या गोडाऊनची कड डोकावली, की गावावर केलेला सगळा खर्च पाण्यात.

अमेरिकेत अनाहाइमच्या डिस्नेलँडने १९५५ मध्येच पार्कभोवती मातीचा बांध घालून त्यावरून आगगाडी फिरवली. पुढे पायरेट्स ऑफ द कॅरिबियन (१९६७) आणि हॉन्टेड मॅन्शन (१९६९) या राइडची खरी शेडं बांधाच्या बाहेर बांधली. पायरेट्समध्ये होडी दोन उतारांवरून खाली घसरते आणि रुळांखालून पलीकडे जाते. मॅन्शनमधली भिंती लांबत जाणारी खोली ही प्रत्यक्षात लिफ्ट आहे. ती माणसांना खाली उतरवते, तिथून बोगद्याने शेडात. पाहुण्याला दिसते ती फक्त हवेली.

आणि २० मीटरचं शेड लपवायला २० मीटरचा पडदा लागत नाही. डोळ्याची उंची दीड मीटर, शेड १२० मीटरवर. माणसापासून १२ मीटरवर आडोसा असेल तर उंची लागते १.५ + (१८.५ × १२ ÷ १२०), म्हणजे ३.३५ मीटर. तोच आडोसा ६० मीटरवर नेला तर १०.७५. शेडाजवळ, ११० मीटरवर नेला तर जवळपास साडेअठरा. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचा डोळा सव्वादोन मीटरवर असतो, त्याच्यासाठी १२ मीटरवर ४ मीटर धरा. आडोसा माणसाजवळ हवा. आपल्याकडे तो शेडाजवळ घालतात आणि पैसे संपतात.

मुरूम-केसिंग

गिरणाभाऊ, गणित बरोबर आहे, पण ते एका जागी उभ्या असलेल्या माणसाचं. तोच माणूस २८ मीटर मागे सरकला की आडोसा ४० मीटरवर आणि शेड १४८ मीटरवर जातं. लगेच साडेसहा मीटर लागतात. पार्कात माणूस चालत असतो. एक भिंत घालून भागत नाही, दर वळणाला नवीन आडोसा लागतो.

बांधाचाही हिशोब मांडतो. ६ मीटर उंची, माथा ३ मीटर, दोन्हीकडे १:२ उतार, म्हणजे तळ २७ मीटर. १०० मीटर लांबीत जवळजवळ २७ गुंठे जमीन गेली. दाबलेला भराव ९,००० घनमीटर, सैल माल सव्वापट धरला तर ११,२५०. १५ घनमीटरच्या हायवाच्या (टिपर ट्रकच्या) ७५० खेपा, आणि हे फक्त १०० मीटरचं.

शिवाय जागेवर निघेल ती माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगते. नुसत्या काळ्या मातीचा बांध दोन पावसाळ्यांत ओघळून खाली बसतो. पाझर तलावाला हार्टिंग (आतला गाभा) काळ्या मातीचं आणि केसिंग (बाहेरचं आवरण) मुरमाचं करतात ते याच कारणाने. इथेही मुरूम आणावा लागेल, २० ते २५ सेंटिमीटरच्या थरात पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून. घाईत अर्ध्या मीटरचा थर टाकला की वरून टणक वाटतो, आतून पोकळ राहतो आणि पहिल्याच झडीत खचतो. हे पैसे राइडमध्ये घाला. माणूस राइडसाठी येतो.

पांझराकाठची

मला दोघांचंही पटत नाही. शेड लपवू नका आणि उघडंही ठेवू नका. त्याला काहीतरी बनवा.

खान्देशात भलंमोठं बिनखिडक्यांचं शेड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जिनिंग-प्रेसिंग. कापसाच्या गिरण्या. अंमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल यांच्या आठवणीवर इथल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. करवतीच्या दात्यांसारखी छपराची कड, विटांचे पट्टे, एक धुराडं, कमानीचा दरवाजा. एवढ्यात २० मीटरचं शेड गिरणी होतं आणि पार्कच्या कथेत बसतं. बांध नको, ७५० खेपा नकोत.

रंग फासून मात्र भागत नाही. फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कात २०२२ ला उघडलेल्या कॉस्मिक रिवाइंड या राइडचं शेड निळं रंगवलं, तरी ते पाण्यापलीकडून निळा खोका म्हणूनच दिसतं आणि त्यावर टीका झाली. उलट शेजारच्या पार्कातला टॉवर ऑफ टेरर (१९९४ ची उंच मनोऱ्यातली राइड) एपकॉटमधल्या मोरोक्को दालनामागे दिसतो, म्हणून त्याचा माथा आणि रंग मोरोक्कोच्या इमारतींशी जुळवून घेतले. बघणाऱ्याला तो त्याच गावातला वाटतो. दिसायचंच असेल तर असं दिसावं.

गिरणाकाठ

ताई, मोरोक्कोचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. आकार जुळवून घेणं हे लपवणंच. आणि गिरणी एका भागाच्या कथेत बसेल. पलीकडे बर्फाचं गाव आणि त्याच्यामागे धुराडं, तिथे काय करायचं? चार भागांतून दिसणाऱ्या इमारतीला चार चेहरे लागतात.

पांझराकाठची

चार नाही, दोन. पार्क कसं आखलंय त्यावर आहे. शेडाची एक लांब आणि एक आखूड बाजू आतल्या अंगाला आणा, उरलेल्या दोन हद्दीच्या भिंतीकडे. आतून दिसणारी लांबी ११० मीटर. खालचे ८ मीटर झाडं झाकतील, वरचे १२ उरले. म्हणजे १,३२० चौरस मीटर सजवायचे. चारही बाजूंचे ४,४०० नाहीत.

सातपुडा दिसतो

"झाडं झाकतील" हे सगळे सहज म्हणतात. कोणती झाडं, आणि मे महिन्यात काय?

पार्कची गर्दी एप्रिल-मेची, शाळेच्या सुट्ट्यांची. त्याच वेळी साग उघडा असतो. मानवेल बांबूही कोरड्या उन्हाळ्यात पानं टाकतो. सागाची रांग लावाल तर ऑगस्टात हिरवी भिंत आणि मेमध्ये काड्यांमागे पत्रा. कडुनिंब फाल्गुनात पान टाकतो, पण चैत्रात पुन्हा भरतो. करंजही तसाच. म्हणून मागच्या रांगेला कडुनिंब, पुढे करंज, दोन रांगा साडेतीन-चार मीटर अंतराने, समोरासमोर न लावता तिरक्या. झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, झाड वाढेल तसे खोडापासून बाहेर सरकवायचे. ते खोडाशीच ठेवले तर मुळं तिथेच गोळा होतात आणि वादळात झाड मुळासकट आडवं होतं. वड-पिंपळ पायाजवळ अजिबात नको.

केळीची हौस कोणाला असेल तर सोडून द्या. रावेर-यावलला मे-जूनच्या वादळात बागा कशा झोपतात ते इथे सांगायला नको. आडोसा एका रात्रीत जाईल.

वेल सरळ पत्र्यावर चढवू नका. मेच्या दुपारी पत्रा इतका तापतो की कोवळे तणावे करपतात. भिंतीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर पुढे जाळी उभी करा, मधून हवा खेळू द्या.

रंगाबाबत ताईंशी अर्धा सहमत. डिस्नेवाल्यांचा करडा-हिरवा, ज्याला ते 'गो अवे ग्रीन' म्हणतात, तो बारमाही हिरवळीत चालतो. आपला सातपुडा होळीनंतर मातकट होतो. हिरवं शेड मेमध्ये उलट उठून दिसेल. झाडांच्या माथ्यापर्यंत खाकी-मातकट, त्याच्या वर धुळकट फिकट राखाडी, कारण उन्हाळ्यात आपलं आकाश निळं नसतं, पांढुरकं असतं. आणि रंग मॅटच. चकचकीत पत्रा मावळतीला आरशासारखा चमकतो आणि कुठलाही रंग वाया जातो.

मुरूम-केसिंग

छपराचं काय? भिंतीसारखंच मातकट केलं तर आतल्या एसीचं बिल कोण भरणार? जळगावचं मेमधलं ४४-४५ अंश धरा.

सातपुडा दिसतो

छप्पर पांढरंच ठेवा. खालून ते दिसत नाही. दिसतं ते छपरावरचं एसीचं मशीन, डक्ट आणि शिडी, म्हणून ती हद्दीकडच्या कडेला सरकवायची.

हायड्रंट

सौंदर्याचं ठरवा, पण आधी हे वाचा. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ माणसं गेली. बंदिस्त शेड, आत गर्दी, बाहेर पडायला वाट नाही. आपण इथे बोलतोय तेही बंदिस्त शेडच आहे.

शेडाला बांध किंवा सजावट चिकटवू नका. अग्निशमन गाडी फिरेल असा किमान ६ मीटरचा टणक रस्ता भोवताली मोकळा हवा. झाडांची रांग त्या रस्त्याच्या पलीकडे, आणि फांद्या गाडीच्या टपाला लागणार नाहीत इतक्या वर छाटलेल्या. आपत्कालीन दरवाजे सजावटीत विरघळवून टाकायची हौस सगळ्यांनाच असते. बाहेरून हवं तर रंग जुळवा, पण आतून दरवाजा आणि त्यावरची हिरवी पाटी अंधारात दिसलीच पाहिजे, दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडला पाहिजे आणि समोर कुंडी, जाळी, सजावटीचा दगड काही नको.

तो खोटा दगडही बघून घ्या. थर्माकोल कोरून वरून पातळ सिमेंट मारलेला खडक स्वस्त पडतो, पण ठिणगी आत गेली की पेटतो. लोखंडी सळया, कोंबडी जाळी आणि ३५ ते ४० मिलिमीटर मॉर्टर असं फेरोसिमेंट करा. जड होतं, सांगाडा महाग पडतो, पण जळत नाही.

पांझराकाठची

दादा, हे शंभर टक्के मान्य. गिरणीचा चेहराही मी शेडापासून सुटाच धरते, स्वतःच्या खांबांवर. मात्र तो छपराच्या वर तीन मीटर काढला की वाऱ्यात शिडासारखा वागतो. पाया काळ्या मातीत उथळ घेतला तर एका पावसाळ्यात कललाच म्हणून समजा. मुरूम लागेपर्यंत खाली जा किंवा अंडररीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेला खोल खांब) घ्या. वरचा भाग भरीव न ठेवता विटांच्या जाळीसारखा छिद्रांचा केला तर वारा आरपार जातो आणि लांबून फरक कळत नाही.

मुरूम-केसिंग

मग जमिनीतच घाला ना. इंग्लंडच्या अल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या माथ्यावर काही काढायची परवानगी नाही, म्हणून १९९४ ची नेमेसिस ही रोलर कोस्टर खडक फोडून खड्ड्यात बसवली. तापीच्या गाळात तर खोलवर खडकही लागत नाही. ८ मीटर खाली गेलात की वर १२ च उरतात, आणि निघालेली माती हाताशी.

गिरणाकाठ

नाना, तुमच्याच काळ्या मातीत ८ मीटरचा खड्डा? भिंतींवर मातीचा दाब, पावसाळ्यात पाणी, सतत चालणारे पंप. वीज गेली की जनरेटर, तो बंद पडला की राइडची यंत्रं पाण्यात. नदीकाठच्या घळीत स्वस्तात बसवू म्हणाल, तर निळी आणि लाल पूररेषा आडवी येते. ३ मीटर खाली जाणं परवडेल, तेवढंच घ्या.

आणि माझा मुद्दा अजून तिथेच आहे. पाहुण्याजवळचा आडोसा खान्देशात फुकट पडतो, कारण उन्हात सावली आपल्याला द्यावीच लागणार. रस्त्यावर मांडव घाला, पुढची कड २.७ मीटरवर, कडेला अडीच मीटरची मेंदी किंवा कुडाची भिंत. शेड लांब असेल तर ६ मीटरवरची अडीच मीटरची मेंदीच ते झाकते. शेड ४० मीटरवर आलं तर वरचा भाग मांडवाची कड कापते आणि खालचा मेंदी. मधल्या फटीतून जो पट्टा दिसेल तेवढ्यावरच ताईंची गिरणी काढा.

मुरूम-केसिंग

मांडव चालेल, त्याला विरोध नाही. पण आकाशपाळण्यातून काय? ३० मीटरवर बसलेल्या माणसापासून काहीच लपत नाही, आणि तुमचं पांढरं छप्पर तिथून अख्खं दिसतं. रात्री तर खालूनही. मागच्या रस्त्यावर हॅलोजन लावला की अंधारात हरवलेलं शेड पुन्हा उजळून उभं.

सातपुडा दिसतो

रात्रीचा उपाय सोपा आहे. मागच्या रस्त्याचे दिवे तीन मीटरच्या खाली, टोपीचे, जमिनीकडे तोंड करून. सपाट काळोखी भिंत मग आकाशात मिसळते. पाळणा मात्र जागा ठरवतानाच प्रवेशद्वाराशी न्या, तिथे माणूस अजून कथेत शिरलेला नसतो. महामार्गावरूनही दिसेल, जाहिरात होईल.

पांझराकाठची

हे सगळं कागदावर भांडण्यापेक्षा शेडाच्या चार कोपऱ्यांवर २० मीटर दोरीला लाल फुगे सोडा. आतल्या रस्त्यांची चुन्याने आखणी करा आणि दर १० मीटरला दीड मीटर उंचीवरून फोटो काढा. जिथे फुगा दिसतो तिथेच आडोसा, बाकी ठिकाणी एक रुपया नको.

मुरूम-केसिंग

फुगे सकाळी ७ ते ९ मध्येच सोडा ताई. मेमध्ये दुपारी वावटळी उठतात, दोरी ३० अंश कलली की २० मीटरचा फुगा सव्वासतरावर येतो आणि पावणेतीन मीटरची कड फोटोत येतच नाही.